शनिवारचं लाल बटण

जेवायला बोलावलं की सर आधी स्वयंपाकघरात शिरायचे. चपला दाराबाहेर, पिशवी खुर्चीवर आणि थेट ओट्याखाली वाकून गॅसच्या नळीला नाक. आमच्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, गृहस्थांना भूक आवरत नाहीये. सर उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "ताई, नळी बदला. तिचं वय झालंय." सासूबाईंनी ते वाक्य का कुणास ठाऊक स्वतःच्या अंगाला लावून घेतलं आणि सरांच्या वाटीत आमटीचं वरवरचं पाणी वाढलं. सरांनी ते मिटक्या मारत संपवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नवी नळी घेऊन दारात उभे.

लग्नाला गेले तर अक्षता घेण्याआधी ते हॉलचं मागचं दार शोधत. त्या दारापुढे हमखास खुर्च्यांची थप्पी असते. मग इकडे मंगलाष्टकं चालू आणि तिकडे सर घामाघूम होऊन खुर्च्या हलवताहेत. एका लग्नात नवरीकडच्यांनी त्यांना मंडपवाल्याचा माणूस समजून आणखी खुर्च्या आणायला सांगितलं. त्यांनी मुकाट्याने आणून दिल्या आणि "या दारापुढे ठेवू नका" असं वर बजावून आले.

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी प्लॅनिंगला होते, तिथे सर सेफ्टी ऑफिसर होते. पत्रा दाबून त्याचे भाग काढणाऱ्या मोठमोठ्या प्रेस होत्या आमच्याकडे. अशा जागी सेफ्टी ऑफिसर म्हणजे देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस. तो असावा असं सगळ्यांना वाटतं, पण त्याच्याशी बोलायला कुणी थांबत नाही. त्यातून सरांना 'समजा' म्हणायची खोड. "समजा, तुमची बाही आत गेली." "समजा, पेंट शॉपला आग लागली आणि हे दार उघडलंच नाही." कॅन्टीनमध्ये पोह्यांचा घास तोंडात असताना कुणी असं विचारलं तर माणूस उठून दुसऱ्या टेबलावर जातो. आम्हीही जायचो.

त्यांची मॉक ड्रिलसुद्धा निराळी. इतरत्र भोंगा वाजतो, लोक मैदानात जमून गप्पा मारतात आणि परत जातात. सरांच्या ड्रिलमध्ये प्रत्येकाला भूमिका असायची. मला एकदा 'पाय मोडलेली, पण ते लपवणारी' बाई व्हायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "सर, पाय मोडल्यावर कोण लपवतं?" तर म्हणाले, "खूप लोक लपवतात, मॅडम. आरडाओरडा करणारा सापडतोच. लपवणारा शोधता आला पाहिजे." मी पाय लपवत मैदानाच्या कडेला उभी राहिले आणि भोंगा संपला तरी मला कुणी शोधलं नाही. सरांनी मग सगळ्या कारखान्याला पुन्हा ड्रिल करायला लावली. त्या दिवशी मला किती शिव्या बसल्या असतील, त्याचा हिशेबच नको.

आता शनिवारचं सांगते. नाशिकच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी. बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण उरलेलं शहर रविवारी सुट्टी घेतं. माझा नवरा शाळेत शिक्षक. रविवारी तो अंथरुणात लोळत असताना मी कंपनीच्या बसची वाट बघत कोपऱ्यावर उभी, आणि शनिवारी मी घरी तर तो फळ्यापुढे. सरांच्या पत्नी पोस्टात, त्यांचंही तेच. शनिवारी सकाळी आमच्यासारखी माणसं घरात एकटीच भिंतीकडे बघत बसलेली असायची. कपडे धुऊन झाले, भाजी निवडून झाली, मग काय?

सर एकदा कसल्याशा प्रशिक्षणाला पुण्याला गेले आणि तिथल्या तरुण पोरांना टेबलाभोवती बसून एक खेळ खेळताना बघून आले. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, समोर दरी आहे, काय कराल? तुम्ही म्हणता, उडी मारीन. उडी जमली की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. ना सोंगट्या, ना पट, ना शेवटी कुणी जिंकणार. आपण आयुष्यभर ज्या 'समजा'पायी लोकांना नकोसे झालो, तो 'समजा' लोक हौसेने खेळतात, हे कळल्याचा आनंद सरांच्या चेहऱ्यावर पुढे कितीतरी दिवस होता.

त्यांच्या गळाला आम्ही चौघं लागलो. खरेदी विभागातला देवरे, सटाण्याकडचा, आवाजाने आणि अंगाने मोठा. ऑफिसात आमच्यासारखंच बोलायचा, पण रंगात आला की त्याच्या तोंडून अहिराणी सुटायची. दुसरा इलेक्ट्रिकलचा सुपरवायझर शिरसाठ. त्याने खेळाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक आमच्याआधी वाचून टाकलं होतं आणि तो प्रत्येक उडीवर हरकत घ्यायचा. तिसरी आमच्या प्रथमोपचाराच्या खोलीतली नर्स, हरसूलची सुनंदा भोये. ती दिवसभरात जेवढं बोलायची तेवढं देवरे जिना चढताना बोलायचा. आणि चौथी मी.

आधी मिसळ, मग खेळ, हा शिरस्ता होता. आमच्याकडे मिसळीची तर्री वेगळ्या वाटीत येते, ज्याने त्याने झेपेल तेवढी घ्यायची. पण मित्रमंडळी जमली की कुणी झेपेल तेवढी घेऊ देतं का? "काय बायकी खातो रे, घे अजून," म्हणत देवरे शिरसाठच्या ताटात वाटी उपडी करायचा. सरांना या आग्रहाचा भयंकर तिटकारा. त्यांनी देवरेच्या हातातून वाटी काढून घेतली आणि म्हणाले, "देवरे, पोट त्यांचं आहे." देवरेने हसून दोन्ही हात वर केले.

नवी गोष्ट सुरू करायच्या आधी ते आम्हाला एकेकाला बाजूला घेऊन तेच विचारायचे, "तर्री किती घालू?" म्हणजे गोष्टीत भीती किती, रक्त किती, काय अजिबात नको. मी सांगितलं, भुतं चालतील, पाली नकोत. शिरसाठ म्हणाला, मुडदे पाडा हवे तेवढे, फक्त परीक्षेचा हॉल नको. सुनंदा म्हणाली, "जंगल घाला सर, पण जंगलातली माणसं येडी दाखवू नका." सरांनी मान डोलावली. देवरे म्हणाला, "मला काहीबी घाला. आपल्याला सगळं पचतं."

खेळ सरांच्या घरी व्हायचा. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना त्यांनी रबर चिकटवलं होतं. सुरुवातीला प्रत्येकाला विचारायचे, झोप झाली का, काही खाल्लं का. कारखान्यात न झोपलेल्या माणसाला ते शिडीवर चढू द्यायचे नाहीत, आणि इथेही तोच कायदा. रात्रपाळी करून आलेल्या शिरसाठला एकदा त्यांनी गोष्टीत घोडे सांभाळायला बसवलं. शिरसाठ नियमांचं पुस्तक उघडून बराच वेळ भांडला आणि मग खुर्चीतच घोरायला लागला.

सुनंदा पहिले काही शनिवार गप्पच होती. तिची पाळी आली की आम्हीच सुचवायचो, अगं तू असं कर, तू तसं कर. सर तळहात वर करून आम्हाला थांबवायचे आणि वाट बघायचे. इतकी वाट बघायचे की मला पंख्याचा आवाज असह्य व्हायचा. एकदा आम्ही एका किल्ल्याच्या दरवाजापाशी अडलो होतो. देवरेला दरवाजा फोडायचा होता, मला पहारेकऱ्याला फसवायचं होतं, शिरसाठच्या मते दोन्ही नियमात बसत नव्हतं. वाद संपेना. सुनंदा हळूच म्हणाली, "तुमचं ठरूद्या. मी तोवर भाकऱ्या टाकते." देवरे खो-खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "कशाच्या?"

"नागलीच्या."

"सोबत?"

"उडदाचं भुजं."

सर मागे टेकले, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि पहारेकऱ्याच्या आवाजात म्हणाले, "कोण रे तिकडे? दोन महिने झाले घरी गेलो नाही. एक चतकोर मिळेल का?" दरवाजा आतून उघडला. त्या दिवसापासून सुनंदाला 'तू असं कर' म्हणायची आमची छाती झाली नाही. उलट आम्ही अडलो की तिच्याकडे बघायला लागलो.

खेळ संपल्यावर चहा आणि चहाबरोबर 'थोडक्यात'. कारखान्यात अपघात होता होता वाचला तर चिठ्ठी लिहून टाकायची एक पेटी होती. ती कायम रिकामी, कारण स्वतःची चूक कोण लिहील? इथे सर तोंडी विचारायचे, आज थोडक्यात काय वाचलं? कुणाचं नाव घ्यायचं नाही. मग कुणी म्हणायचं, मध्ये एकदा मला कंटाळा आला होता, थोडक्यात घरी गेलो नाही. कुणी म्हणायचं, माझं बोलणं दोनदा तुटलं. ज्याने तोडलं त्याचे कान लाल व्हायचे, पण भांडण व्हायचं नाही. सर म्हणायचे, "बोट तुटायच्या आधी ते कितीदा तरी वाचलेलं असतं. तेव्हाच बघायचं."

आणि टेबलाच्या मधोमध ते लाल बटण.

प्रेसवर जे असतं तेच, भंगारात गेलेल्या मशीनचं. मोठ्या छत्रीसारखं डोकं, तळहाताने दाबलं की आत जाऊन बसतं आणि मशीन जागच्या जागी थांबतं. पुन्हा चालू करायचं तर ते पिळून बाहेर काढावं लागतं. सरांनी ते लाकडी ठोकळ्यावर बसवलं होतं. गोष्टीत कुणाला काही नको झालं तर दाबायचं. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. आणि ज्याने दाबलं, त्यानेच सोडवायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम सरांनी कुठून आणला ते सगळ्या सातपूरला माहीत होतं. प्रेस दुरुस्त करताना फिटर तिच्या मेन स्विचला आपलं कुलूप लावतो, म्हणजे तो आत असताना कुणी चुकूनही मशीन चालू करणार नाही. ते कुलूप फक्त त्यानेच काढायचं. एकदा इगतपुरीचा एक फिटर काम संपवून, कुलूप तसंच ठेवून, किल्ली खिशात घालून घरी निघून गेला. दुसरी पाळी आली आणि प्रेस बंद. प्रॉडक्शनच्या साहेबांनी कटर मागवला. सरांनी खुर्ची ओढली, बरोबर त्या स्विचखाली बसले आणि डबा उघडला. साहेब ओरडत होते, "तो घरी बसलाय हो! मशीनमध्ये कुणी नाहीये, दिसतंय ना तुम्हाला?" सर मेथीची भाजी खात म्हणाले, "दिसतंय. पण आज तोडलं की उद्या न बघताच तोडाल." धुक्यातून इगतपुरीला जीप गेली, फिटरला घेऊन आली, त्याने खाली मान घालून कुलूप काढलं. पाळी वाया गेली. साहेबांनी नंतर सरांशी बोलणं सोडलं आणि सरांचं प्रमोशन जे अडकलं ते निवृत्त होईपर्यंत अडकलंच. आता ते सिन्नरला भावाशेजारी राहतात. मीही तो कारखाना सोडला. पण अजून कुणी सेफ्टीचा विषय काढला की मला तो मेथीचा डबा आठवतो.

बटणाची सुरुवातीला चेष्टाच झाली. आणि चेष्टा करणार कोण, तर देवरे. मिसळ कमी पडली, दाब. सासऱ्याचा फोन आला, दाब. एकदा सर एका गुहेचं वर्णन अगदी रंगून करत होते, आवाज खाली नेलेला, माझ्या अंगावर काटा, आणि देवरेने बटण दाबलं. सर अर्ध्या शब्दावर थांबले. पाणी प्याले. हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"गंमत केली सर," देवरे म्हणाला.

"हो का," सर म्हणाले आणि तसेच बसून राहिले. रागावलेले नव्हते, खरंच वाट बघत होते. देवरेने चुळबुळ करत बटण पिळलं. त्यानंतर त्याने पुन्हा कधी गंमत म्हणून त्याला हात लावला नाही.

त्या पावसाळ्यात आमची जी गोष्ट चालली होती, तिच्यात आम्ही धरणाच्या पाण्यात बुडालेल्या एका गावाची घंटा शोधायला निघालो होतो. देवरे चोर झाला होता, पण फक्त खाण्याच्या वस्तू चोरणारा. त्याच्यामुळे हसून हसून आमचे गाल दुखायचे. होडी पलीकडे लागली. किनाऱ्यावर एक झोपडी, आतून फोडणीचा वास. देवरे म्हणाला, "तुम्ही थांबा. मी तव्यासकट घेऊन येतो." त्याने फासा टाकला, चांगला पडला. तो चोरपावलांनी दाराशी पोचला आणि कडी काढणार एवढ्यात दार आतूनच उघडलं.

सरांनी पाठीत बाक काढला, हनुवटी थरथरवली आणि म्हातारीच्या आवाजात म्हणाले, "आलास का? किती उशीर केलास रे."

आम्ही आधीच हसायला लागलो होतो. म्हातारी चोराला आपला मुलगा समजली, आता देवरे काय करतो ते बघायचं होतं. देवरेने हात पुढे केला आणि बटण दाबलं.

मला वाटलं, जुनी खोड. पण तो बटणाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा कुणीतरी पुसून घेतल्यासारखा झाला होता. तो उठला. "जरा काम आठवलं," म्हणाला, हेल्मेट उचललं आणि गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सरांनी पाठ सरळ केली. "माझ्या हातून लागलं त्याला," ते म्हणाले.

"लागण्यासारखं काय होतं त्यात?" शिरसाठ म्हणाला. "ना भूत, ना रक्त."

"ते आपण नाही ठरवायचं," सर म्हणाले. चहा झाला नाही.

रक्त, भुतं, पाली, परीक्षेचा हॉल, सगळ्याचा बंदोबस्त केला होता त्यांनी. एका म्हातारीने दार उघडण्याचा बंदोबस्त कोण करणार? पण सरांना ते पटेना. जन्मभर दुसऱ्यांची बोटं जपलेला माणूस आणि त्यांच्याच घरातल्या टेबलावर त्यांच्याच तोंडच्या वाक्याने माणूस जखमी झाला. सोमवारी ते खरेदी विभागात गेले, देवरेच्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बटण तुमचं आहे. घाई नाही." एवढंच बोलून परत आले. देवरे हसून "हो हो सर" म्हणाला. तो कॅन्टीनमध्ये पहिल्यासारखाच बोलायचा, टाळ्या द्यायचा, सगळ्यांच्या नकला करायचा. फक्त शुक्रवार आला की त्याला गावाला जायचं असायचं.

आणि आमचा खेळ बंद. अक्षरशः बंद. शनिवारी आम्ही मिसळ खायचो, सरांच्या घरी जायचो, टेबलाभोवती बसायचो, मधोमध ते दाबलेलं बटण आणि देवरेची रिकामी खुर्ची. सुनंदा मटार सोलायची. शिरसाठने कंटाळून सरांच्या घरातले सगळे स्विच दुरुस्त केले. मी घरचे उसवलेले कपडे शिवायला घेऊन यायचे. सर आपल्या जागेवर हात मांडीवर ठेवून बसलेले. दुपारी त्यांच्या पत्नी पोस्टातून यायच्या, आमच्याकडे एक नजर टाकायच्या आणि विचारायच्या, "आजही संपच का?"

शिरसाठने एकदा सुचवलं, "सर, बटण सोडवून पुढे जाऊ. तो आला की सामील होईल."

"मशीनमध्ये माणूस आहे," सर म्हणाले.

"मग दुसरं मशीन लावू. नवी गोष्ट."

"लावा तुम्ही. मी इथे बसतो." मग कोण लावणार?

शेवटी मी चिडले. मी चिडकी आहेच. म्हटलं, "सर, हा काय अट्टहास? एक फोन करा त्याला. सरळ विचारा, बाबा रे, झालं काय. आपण काय परके आहोत का?"

"परके नाही, म्हणूनच विचारायचं नाही," सर म्हणाले. "परक्याने विचारलं तर माणूस काहीतरी ठोकून देतो आणि सुटतो. आपण विचारलं तर त्याला सांगावं लागेल."

"आणि तो आलाच नाही तर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मला त्यांची इतकी दया आली आणि इतका रागही आला, की मी माझे शिवायचे कपडे गोळा करून निघून आले. मला आजही वाटतं, मी म्हणत होते त्यात काही वावगं नव्हतं. माणसं अशीच सुटतात हातातून, वाट बघत बसलं की. पुढच्या शनिवारी मात्र मी गेले. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बटणाकडे बघत बसलेलं बरं, असं नवऱ्याला सांगून गेले.

पाऊस सरला होता, द्राक्षांच्या छाटण्या सुरू झाल्या होत्या. आम्ही नेहमीसारखे बसलो होतो आणि जिन्यावर जड पावलं वाजली. देवरे. हेल्मेट काखेत, केस घामाने ओले. कुणाकडे न बघता आपल्या खुर्चीवर बसला. आम्ही लगबगीने त्र्यंबक रोडच्या खड्ड्यांविषयी बोलायला लागलो. सुनंदाने सोललेल्या मटारची वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने चार दाणे तोंडात टाकले आणि तळहात बटणावर ठेवला.

"सर, ती झोपडी," तो म्हणाला.

"नाहीच ती," सर घाईघाईने म्हणाले. "होडी अजून पाण्यातच आहे. किनाऱ्यावर काही नाही, नुसती वाळू आहे."

"नको. राहू द्या झोपडी." देवरेने मोठा श्वास घेतला. "पण म्हातारी मी बनतो. तुम्ही या बाहेरून."

सर गडबडले. इतक्या शनिवारांत ते राजे झाले होते, वाघ झाले होते, पहारेकरी झाले होते, पण ते सगळं गोष्ट सांगणाऱ्याच्या खुर्चीतून. गोष्टीत चालत येऊन दार वाजवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "मी कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणीबी. उशीर झालेला माणूस."

देवरेने बटण पिळलं. ते बाहेर आलं. दोघांनी जागा बदलल्या. सरांनी टेबलावर बोटाने हलकेच टकटक केलं.

देवरेने आवाज बदलला नाही, पाठ वाकवली नाही. तो आपल्या घरच्या बोलीत, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "उना का रे भो? ये. बठ." आलास का रे, ये, बस.

सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही कुणीच काही सुचवलं नाही. मग त्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "उशीर झाला, माय."

देवरे बराच वेळ नुसती मान हलवत राहिला. नाही, नाही, अशी. "नही रे," तो म्हणाला. "काहीच उशीर नही व्हयना. मी आठेच शे ना." मी इथेच आहे ना. आणि त्याने टेबलावरून हात फिरवून जागा पुसली, नसलेलं ताट मांडलं, नसलेली भाकरी वाढली. "जेवी ले."

आणि सर जेवले. खोटं खोटं नाही, नीट चावून, घास घास करून, ताट संपेपर्यंत. देवरे समोर बसून बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही. मी रडले. शिरसाठने नियमांचं पुस्तक तोंडासमोर उघडून धरलं. ती म्हातारी कोण, कुणाला उशीर झाला होता, कशाला झाला होता, ते आम्ही त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. मला ते आजतागायत माहीत नाही.

पुढे होडी निघाली, घंटेचा शोध सुरू झाला, देवरेने एका साधूचा शिरा पळवला. चहा झाला. निघताना सर आमच्याबरोबर खाली आले. देवरेने हेल्मेट डोक्यात घातलं आणि गाडीला किक मारणार, तेवढ्यात सर पुढे झाले. त्यांनी देवरेच्या हनुवटीखालचा पट्टा स्वतःच्या हाताने लावला. ओढून पाहिला. पुन्हा ओढून पाहिला. एवढा आडदांड माणूस, पण मान वर करून गप्प उभा राहिला.

"शनिवारी ये," सर म्हणाले. "सावकाश ये. उशीर झाला तरी चालेल."